क्रिमिनॉलॉजी शिकायचीय? आधी कुठल्या खोलीत बसायचं ते ठरवा

बारावीचा निकाल लागला की आमच्या लालबागच्या चाळीत माझ्याकडे एक तरी पोर पाठवलं जातं. पाठवणाऱ्या काकूंचं वाक्य ठरलेलं: "वरच्या ताईंना विचार, त्या सात वर्षं जेलात होत्या." नवे भाडेकरू दचकतात. मी जेलात होते ती कामाला. आर्थर रोड आणि भायखळा इथल्या कच्च्या, म्हणजे खटला अजून न संपलेल्या, कैद्यांबरोबर, त्यांच्या घरच्यांबरोबर सात वर्षं काम केलं. गेली नऊ वर्षं लोअर परळच्या एका बँकेत संशयास्पद व्यवहार तपासते. दोन्ही नोकऱ्या एकाच डिग्रीवर मिळाल्या.

यंदा आली ती तिसऱ्या मजल्यावरची मुलगी. आर्ट्स, ८१ टक्के. हातात मोबाइल, त्यात कुठल्याशा परदेशी खुन्यावरचा तासाभराचा व्हिडिओ. "ताई, गुन्हेगाराचं डोकं कसं चालतं ते मला शिकायचंय." मी चहा टाकला. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. दरवर्षी तेच सांगून घसा बसतो.

पहिला घोळ शब्दाचा. गुन्हा कोणी केला हे शोधणं पोलिसांचं काम, आणि त्याला पुरावा पुरवणं न्यायसहायक, म्हणजे फॉरेन्सिक, प्रयोगशाळेचं. गुन्हे का होतात, कुठल्या कृत्याला गुन्हा म्हणायचं हे कोण ठरवतं, आणि पकडलेल्या माणसाचं पुढे काय करायचं, हे विचारते ती क्रिमिनॉलॉजी. मराठीत गुन्हेगारीशास्त्र. सागर विद्यापीठात १९५९ साली विभाग निघाला तोच 'क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्स' असा जोडनावाने, तेव्हा पोरांचा गोंधळ होतो यात त्यांची चूक नाही. पण अर्ज भरताना हा गोंधळ महागात पडतो.

म्हणून मी कोर्सचं नाव विचारतच नाही. विचारते, वयाच्या तिशीत तुम्हाला कुठल्या खोलीत बसलेलं बघायचंय? प्रयोगशाळेत, पोलीस ठाण्यात, कोर्टात, जेलच्या मुलाखत खोलीत, की बँकेच्या एसीत? खोली ठरली की डिग्री आपोआप ठरते. उलट्या बाजूने निघालात तर तीन वर्षांनी कागद हातात असतो आणि बसायला जागा नसते.

प्रयोगशाळा हवी असेल तर बारावी सायन्स पाहिजे. इथे मी कठोर आहे, कारण आर्ट्सच्या मुलांना खोटी आशा दाखवणारे क्लासवाले बरेच आहेत. मुंबईत चर्चगेटजवळ मादाम कामा रोडवर सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन्सिक सायन्स आहे, २००९ पासून. तिथे बी. एस्सी. करता येतं. बाहेर जायची तयारी असेल तर गांधीनगरचं नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी. राज्याची मुख्य प्रयोगशाळा कलिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या शेजारी. रक्त, व्हिसेरा, दारू, बंदुकीची गोळी, बनावट सही, जप्त केलेला मोबाइल, सगळं तिथे येतं. या क्षेत्राला सध्या बरे दिवस आहेत आणि त्याचं कारण कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करायचं ठरवलंय. राज्यांना त्यासाठी टप्प्याटप्प्याने मुदत दिली आहे. म्हणजे माणसं लागणार. पण सरकारी भरतीची जाहिरात अक्षर न् अक्षर वाचा. तिथे कधी रसायनशास्त्राची पदवी मागतात, कधी फॉरेन्सिकची, कधी दोन्हींपैकी एक चालते. मागच्या दोन-तीन जाहिराती काढून पात्रतेच्या रकान्यात तुमची होऊ घातलेली डिग्री लिहिलीय का, ते प्रवेश घेण्याआधी बघायचं. नंतर बघून काय उपयोग!

पोलीस व्हायचं असेल तर क्रिमिनॉलॉजीची गरज नाही. शिपाई भरतीला बारावी पुरते, उपनिरीक्षकासाठी कुठलीही पदवी आणि एमपीएससी. पहाटे उठून धावायची सवय तुम्हाला डिग्रीपेक्षा जास्त गुण मिळवून देईल. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांतही क्रिमिनॉलॉजी नाही. खात्यात गेल्यावर हा विषय शिकलेला अधिकारी वेगळा दिसतो, हे मात्र मी पाहिलंय. आणि ते 'क्रिमिनल प्रोफायलर'? मी आजवर वाचलेल्या एकाही सरकारी जाहिरातीत असं पद पाहिलेलं नाही. त्या नावाची तीन महिन्यांची सर्टिफिकेटं मात्र भरपूर विकली जातात. खासगी गुप्तहेराचंही तसंच. त्यांचं नियमन करणारं विधेयक २००७ मध्ये आलं, त्याचा कायदा झालाच नाही. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांची. ज्याला करायचंय त्याने खुशाल करावं.

कोर्टाची खोली हवी असेल तर कायदा शिका. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा, प्रवेश सीईटीने. चर्चगेटचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज १८५५ पासूनचं आहे, पवईचं महाराष्ट्र नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी अलीकडचं, त्याचा प्रवेश क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेने. फौजदारी वकिलाला गुन्हेगारीशास्त्र जोडविषय म्हणून फार उपयोगी पडतं, विशेषतः शिक्षेवर युक्तिवाद करताना. एक सांगते. जुनी पुस्तकं रद्दीवाल्याकडून स्वस्तात मिळतील, पण त्यात भारतीय दंड संहिता असेल. आता भारतीय न्याय संहिता आहे. तीनशे दोनचं एकशे तीन झालंय आणि चारशे वीसचं तीनशे अठरा. चाळीतल्या भांडणात लोक अजून एकमेकांना चारशे वीसच म्हणतात, तेवढं चालतं.

आता माझी खोली.

मी परळच्या एका कॉलेजात बी. ए. केलं, सोशिऑलॉजी घेऊन. मुंबईत पदवीला स्वतंत्र क्रिमिनॉलॉजी शोधत बसू नका. समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा किंवा समाजकार्य, यातलं एक घट्ट करा. समाजकार्यात पदवीपासूनच जायचं असेल तर मरीन लाइन्सला निर्मला निकेतन आहे. मी पुढे देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, म्हणजे टिसमध्ये, एम. ए. केलं. तिथला हा विभाग देशातल्या जुन्या विभागांपैकी. समाजकार्याच्या एम. ए.मध्ये 'क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस' ही शाखा असते. आमच्या वेळी संस्थेची स्वतःची लेखी परीक्षा आणि मुलाखत होती. आता सीयूईटी-पीजी ही देशभरची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीपासून ती घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. अर्जाची मुदत आपली परीक्षा चालू असतानाच निघून जाते.

या शिक्षणाचा खरा अर्धा भाग फील्डवर्कचा. वर्गात बसून ऐकलेलं सगळं तिथे उलटंपालटं होतं. १९९० मध्ये सुरू झालेला 'प्रयास' हा टिसचाच प्रकल्प तुरुंगात आणि पोलीस ठाण्यांत समाजकार्यकर्ते पाठवतो. भिक्षेकरी आणि बेघरांसाठी 'कोशिश' आहे. मुलांचं काम बघायचं तर डोंगरीचं निरीक्षणगृह, मानखुर्दचं बालगृह. यातलं प्रत्येक ठिकाण तुम्हाला परवानगीचं पत्र, ओळखपत्र आणि थांबायची सवय शिकवेल. जेलच्या दारात फोन जमा. पर्स जमा. पेन कधी चालतं, कधी नाही, ते ड्यूटीवर कोण आहे त्यावर.

पहिल्या महिन्यात मी केलेली चूक सांगते, ती तुम्ही करू नका. एका मुलाला जामीन झाला होता, पण जामीनदार नव्हता. त्याच्या आईला शोधायला मी गोवंडीला गेले. पत्ता अर्धा. हातात मोठी फाइल, वर मार्करने संस्थेचं नाव. गल्लीच्या तोंडाशी नळावर बायका उभ्या होत्या. त्यांना मी विचारलं, "ज्याला पोलिसांनी नेलंय त्याचं घर कुठलं?" आईने आजूबाजूला सांगितलं होतं की मुलगा गावी गेलाय. माझ्या एका वाक्याने तिची चार महिने राखलेली अब्रू नळावर सांडली. ती दार उघडून माझ्याकडे नुसती बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून गृहभेटीला मी भाजीची पिशवी घेऊन जाते, कागद आत. विचारायचं ते मुलाच्या आईचं किंवा बहिणीचं नाव, मुलाचं कधीच नाही. कोणी "कोण तुम्ही?" विचारलं तर "सरकारी योजनेचा फॉर्म भरायचाय" एवढं पुरतं, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं.

जामीनदार म्हणजे काय हे पुस्तकात एका ओळीत असतं. प्रत्यक्षात त्याच्यासाठी आई मालकाकडे जाते, मालक रेशन कार्ड देत नाही, मामाचं कार्ड उत्तर प्रदेशातलं, आणि माणूस पंधरा हजारांच्या बाँडसाठी दोन वर्षं आत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. मी आर्थर रोडला जायचे तेव्हा तिथली अधिकृत क्षमता ८०४ होती, आणि बराकीत कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागायची. आता २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे, तिच्यातून कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत मदत मिळू शकते. योजना कागदावरून कैद्यापर्यंत आणायला मध्ये एक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे तुम्ही.

दुसरं काम तारखा मोजायचं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार आधी कधीच शिक्षा न झालेला माणूस कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला जामिनावर सोडायचं असतं. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. आधी शिक्षा झालेल्याला अर्धा काळ. पण जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी नाही. हे गणित चौथीतलं पोर करेल. ते कोणी करत नाही म्हणून माणसं आत राहतात. कॅलेंडर घेऊन बसायला ज्याला कंटाळा येत नाही त्याने या खोलीत यावं.

भायखळ्याच्या महिला तुरुंगात सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर राहू शकतात. तिथलं एक मूल मांजर सोडून दुसरा कुठलाच प्राणी ओळखत नव्हतं. याच्यावर जास्त लिहीत नाही.

पगार? संस्थांमध्ये कमी आणि तोही प्रकल्पाच्या निधीवर टांगलेला. माझी आई पाहुण्यांना सांगायची, "पोरगी चोरांची कामं करते, तीही फुकटात." सरकारी बाजूला महिला व बालविकास विभागात परिवीक्षा अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, तुरुंग अधिकारी, विधी सेवा प्राधिकरण अशा जागा निघतात, पण बऱ्याच कंत्राटी असतात. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसमध्ये पीडित मुलाबरोबर तक्रारीपासून निकालापर्यंत उभी राहणारी 'सपोर्ट पर्सन' २०२० च्या नियमांत आहे. हे काम चांगल्या शिकलेल्या माणसांनी घ्यावं असं मला मनापासून वाटतं, आणि कच्च्या मनाच्या माणसाने पहिल्याच वर्षी घेऊ नये असंही वाटतं. शिकवायचं असेल तर यूजीसी-नेटमध्ये क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे. एम. ए.नंतर लगेच देऊन ठेवा.

बाबांचं आजारपण आलं तेव्हा मी बँकेत गेले. सोबतच्या काहींनी नाकं मुरडली. मुरडोत. बँका, विमा कंपन्या, पेमेंटची ॲप्स, मोठ्या सल्लागार कंपन्या, सगळीकडे फसवणूक शोधणारी खाती असतात. त्यांना कॉमर्सवाले सहज मिळतात, पण माणूस गुन्ह्यात कसा ओढला जातो हे कळणारे मिळत नाहीत. इथे यायचं असेल तर एक्सेल नीट शिका, मनी लाँडरिंगविरोधी २००२ चा कायदा वाचा, आणि दोन-तीन वर्षं काम करून मग 'सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर'सारख्या परीक्षेचा विचार करा. आधी नको, फी मोठी असते.

इथे माझ्यासमोर रोज काय येतं? भाड्याने दिलेली खाती. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, खात्यात एरवी दोन-अडीच हजारांची ये-जा, आणि एका दुपारी अचानक नऊ लाख येतात आणि वीस मिनिटांत सहा ठिकाणी निघून जातात. कोणीतरी त्याला पाच हजार देऊन खातं, कार्ड आणि सिम घेतलेलं असतं. कोण्या आजोबांना फोनवरच्या खोट्या पोलिसांनी 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालून काढलेले ते पैसे. आजोबांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर काही अडवता येतात, दुसऱ्या दिवशी केला तर फारसं काही उरत नाही. तो मुलगा कायद्याने आरोपी. मी त्याचं केवायसी उघडते आणि पत्ता कधीकधी गोवंडीचा निघतो.

आता अभ्यासाबद्दल. सिद्धांत पाठ करू नका, आपल्या गल्लीत लावून बघा. माझे बाबा कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बाबांची मिल त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. आमच्याहून मोठी असलेली चाळीतली काही मुलं त्या वर्षांत 'भाई'च्या मागे गेली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन वाचला तेव्हा मला हे कळलं: स्वप्न सगळ्यांना एकच दाखवायचं आणि तिथे जायचा सरळ रस्ता अर्ध्या लोकांना बंद ठेवायचा, की ताण कुठून तरी फुटतो. पण त्याच मजल्यावरची, त्याच उपासमारीतली दुसरी मुलं गेली नाहीत. मग सदरलँड घ्यावा लागतो: गुन्हा जवळच्या संगतीत शिकला जातो, जसं कोणी भजन शिकतं. आणि एकदा गेलेला परत का येईना? पोलीस मिरवणुकीच्या आधी दरवर्षी त्यालाच उचलायचे म्हणून. एकदा शिक्का बसला की माणूस तसाच होत जातो, हे हॉवर्ड बेकर. तीन सिद्धांत, एक जिना.

कोहेन आणि फेल्सन यांचा १९७९ चा सिद्धांत दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभं राहून शिका. पाकीट मारायला तयार असलेला, मागच्या खिशात फोन ठेवलेला, आणि लक्ष ठेवायला कोणी नसलेली ती पायरी. तिन्ही एकत्र आले की काम झालं. यातलं एक काढलं तरी गुन्हा टळतो, म्हणूनच उद्घोषणा, दिवे, कॅमेरे.

लोम्ब्रोसो मात्र सावधपणे वाचा. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटीवरून ओळखता येतो, असं त्याने १८७६ मध्ये लिहिलं. वर्गात सगळे हसतात. पण आपल्याकडे इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ मध्येच केला होता, पुस्तकाच्या पाच वर्षं आधी. आख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात ठेवल्या, हजेरी घेतली. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. त्या जमाती मुक्त झाल्या ३१ ऑगस्ट १९५२ ला. पारधी कुटुंबातला माणूस चोरीच्या संशयात आजही आधी उचलला जातो, आणि ते भायखळ्याच्या मुलाखत खोलीत बसून मी बघितलंय. तेव्हा लोम्ब्रोसोवर हसून झालं की हाही भाग परीक्षेत लिहा, शिक्षकांना आवडो न आवडो.

आकडे वाचायलाही शिका. एनसीआरबीचा 'क्राइम इन इंडिया' फुकट उतरवता येतो. त्यात एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतात. बलात्कार करून खून झाला तर ते प्रकरण बलात्काराच्या आकड्यात येत नाही. आणि आकडा असतो तो नोंदलेल्या गुन्ह्यांचा. केरळचा दर नेहमी मोठा दिसतो, कारण तिथे लोक ठाण्यात जातात आणि तक्रार लिहून घेतली जाते. एखाद्या शहराचा आकडा खाली आला म्हणून पेढे वाटण्याआधी ठाण्यातल्या बाकड्यावर कोण ताटकळत बसलंय ते बघा.

हे सगळं ऐकून तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं, "मग आत्ता काय करू?" मी म्हटलं, उद्या भोईवाडा कोर्टात जाऊन बस. आपल्याकडे कोर्टं उघडी असतात. 'इन कॅमेरा' चालणारी प्रकरणं सोडली तर कोणीही मागच्या बाकावर बसू शकतं. साधे कपडे, फोन बंद, रेकॉर्डिंग अजिबात नाही. अकराच्या आधी पोच. दाराबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो, तो आधी वाच. दिवसभरात खुनाचा खटला बहुधा दिसणार नाही, तारखा दिसतील. कोण कोणाबरोबर आलंय, बेड्यांतला माणूस दारातून आत येताना आधी कोणाकडे बघतो, साहेबांनी काय विचारलं आणि किती मिनिटांत संपलं, ते घरी आल्यावर वहीत लिही. असे तीन दिवस कर. तिसऱ्या दिवशीही जावंसं वाटलं तर आपण फॉर्मचं बोलू.

ती गेली. पहिल्या दिवशी संध्याकाळी वर आली ती चेहरा पाडून. "ताई, अडीच तासांत नुसत्या तारखाच." दुसऱ्या दिवशी आलीच नाही. मला वाटलं, सुटली. शुक्रवारी रात्री साडेनऊला दार वाजलं. हातात वही, पाच पानं भरलेली. एका बाईने तिच्याकडून कागद वाचून घेतला होता. बाईला वाचता येत नव्हतं आणि वकील दुसऱ्या कोर्टात होते.

"त्यावर रोजनामा लिहिलं होतं," ती म्हणाली. "ताई, रोजनामा म्हणजे काय?"

मी चहा टाकला.